'अदात' शब्दावरची दोन पानं

मला फक्त दोन पानं लिहायची होती. कागदाच्या एकाच बाजूनं, नीट समास सोडून. आमच्या कोतो लिमाउ गावात हल्ली माझ्याविषयी जे बोललं जातं ते ऐकून कोणालाही वाटेल की मी तोफा घेऊन पंचायतीवर चालून गेलो होतो. माझ्याकडे तोफ नाही. मी निवृत्त भाषाशिक्षक आहे. माझ्याकडे एक शब्दकोश आहे आणि त्याचाही शेवटाकडचा भाग वाळवीनं संपवलेला आहे.

सुरुवात केली रेफ्नीतानं. रेफ्नीता म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, रोस्मानीदारची, एकुलती एक मुलगी. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, वय एकोणतीस. एका दुपारी ती माझ्या बायकोच्या घरी आली. 'माझ्या घरी' असं लिहायची सोय नाही, कारण सुमात्रातल्या आम्हा मिनांग लोकांत घर बायकांचं असतं. लग्न झालं की पुरुष आपली पेटी उचलून बायकोच्या घरी जातो आणि जन्मभर तिथं पाहुण्यासारखा राहतो. म्हणजे कॉफी वेळेवर मिळते, पण मत कोणी विचारत नाही. मत विचारतात ते बहिणीच्या घरी. तिथं तो मामा असतो, आणि आमच्याकडे मामा म्हणजे भाच्यांचा कर्ताकरविता. रेफ्नीताचा बाप जकार्तात कापड विकतो, मुलीवर जीव टाकतो, दर ईदला येतो. पण तिच्या लग्नाचा शब्द द्यायचा तो मी.

"मामा, मुलगा सापडलाय," ती म्हणाली.

"अरे वा! कुठला?"

"पासामानकडचा. देसवांदी नाव. शाळेत शिक्षक आहे."

"शिक्षक! मग विचारायचं काय त्यात?"

"सिगारेटसुद्धा ओढत नाही."

"अगं, मग अडतंय कुठं?"

"तोही जांबाक आहे, मामा."

मी हातातलं तळलेलं केळं बशीत परत ठेवलं. जांबाक हे आमचं कूळ. कूळ आईकडून येतं, आणि एका कुळातले सगळे बहीणभाऊ. आता तो मुलगा घाटापलीकडचा. त्याच्या आणि हिच्या आज्या-पणज्यांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. धर्माची काही हरकत नाही. काही गावांत अशी लग्नं लागतात आणि लोक पोटभर जेवून घरी जातात. आमच्या गावात लागत नाहीत. आमच्याकडे अशा मुलीला कुळाबाहेर काढतात. तिनं आईच्या घराची पायरी चढायची नाही, कुळातल्या कोणी तिच्या दारात जायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही. आणि रोस्मानीदारला दुसरी मुलगी नाही. रेफ्नीता गेली की आमच्या आईचं घर तिथंच संपलं.

या सगळ्याला आम्ही अदात म्हणतो. लग्न कोणाशी करायचं, मयताला कोणी उचलायचं, मेजवानीत कोणी कुठं बसायचं, धाकट्यानं थोरल्यापुढं किती वाकायचं, सगळं अदात. कोणी विचारलं का, तर अदात. कोणी विचारलं अदात म्हणजे काय, तर त्याच्याकडे तो आजारी असल्यासारखं पाहतात.

"आईला अजून सांगितलेलं नाही," रेफ्नीता म्हणाली. "तुम्ही आधी काहीतरी वाट काढा. तोवर कोणाला कळू देऊ नका हं, मामा."

"माझ्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी इथं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

वाट मला संध्याकाळपर्यंत सापडली. चौतीस वर्षं मुलांना मी एकच सांगत आलो होतो, की भांडायच्या आधी शब्दाचा अर्थ बघा. अदातवर लोक डोकी फोडतात, पण शब्दाचा अर्थ कोणी बघितला? मी बघितला. शब्द अरबी. मुळाशी 'परत येणं'. जे पुन्हापुन्हा येतं, घडतं, अंगवळणी पडतं, ते अदात. म्हणजे सवय! आणि सवय तर बदलता येते. मी स्वतः दोन वेळा साखर सोडली आहे. पंचायतीपुढं दोन पानं वाचायची, 'अदात शब्दाचा अर्थ आणि उगम', वडीलधारी मंडळी माना डोलावतील, आणि मुलीचं लग्न आईच्या अंगणात लागेल. शेवटचं वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं: "जो शब्द स्वतः समुद्रापलीकडून आला आणि ज्याला आपण डोक्यावर घेतलं, तो पासामानच्या एका सज्जन शिक्षकाला दाराबाहेर कसा ठेवेल?"

माझी बायको एर्नाविलिस तांदूळ निवडत होती. ती तांजुंग कुळाची, त्यामुळे आमच्या कुळाच्या भानगडींकडे ती शेजारच्या घरातला पाहुणा बघावा तशी बघते.

"अहो, पासामानला जायला समुद्र कुठं लागतो?"

"ते अलंकारिक आहे."

"पंचायतीतल्या म्हाताऱ्यांना अलंकारिक कळतं ना, मग झालं. आणि जाताना पानाचं तबक न्या. नुसते कागद नेऊ नका."

बायकोचा सल्ला मी ऐकला नाही. पाहुण्याची घरमालकिणीशी जी तात्त्विक मतभेदाची परंपरा असते तिला धरूनच मी वागलो.

दुसऱ्या दिवशी उनी पिकच्या कॉफीच्या टपरीवर मी सहज म्हणून विषय काढला. कारण सांगितलं नाही, अभ्यास चाललाय एवढंच म्हणालो. तिथं सुतान माराजो बसले होते. हे पोस्टातून निवृत्त झालेले, माझे शेजारी. जगातल्या प्रत्येक विषयावरचं पत्र एकदा त्यांच्या हाताखालून गेलेलं असल्यानं त्यांना सगळं माहीत असतं.

"अरबी? कोण म्हणतं अरबी?" ते म्हणाले. "मास्तर, शब्द संस्कृत आहे. 'अ' म्हणजे नाही, 'दातो' म्हणजे वस्तू. जी वस्तू नाही ती अदात. माझे काका सांगायचे."

"काकांनी कुठल्या ग्रंथात वाचलं?"

"काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून तर त्यांचं सगळं पाठ होतं."

यावर उनी पिकनं भजी तळता तळता सांगितलं की शब्द अरबी असो नाही तर चिनी, तिच्या सासूकडं तो जन्मापासून होता. मग एका रिक्षावाल्यानं मत दिलं की असल्या गोष्टीत मुळाशी जाऊ नये, त्याचा मेहुणा विहिरीच्या मुळाशी गेला होता तो दोन दिवस सापडला नव्हता. मी कॉफी संपवून उठलो. विद्वानाला स्वतःच्या गावात कोणी विचारत नाही ही गोष्ट मला नवी नव्हती, पण भज्यांच्या वासात ती जास्त लागते.

पंचायतीपुढं काही वाचायचं तर आधी गावच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो. कचेरीत यूलिस्मा नावाची बाई आहे, माझीच विद्यार्थिनी. तिला मी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. मला ते आठवत नव्हतं, तिला आठवत होतं.

"सर, 'कारण' हा रकाना रिकामा आहे."

"कारण खासगी आहे."

"रिकामा ठेवला तर संगणक पुढं जात नाही."

"मग 'अभ्यास' लिही."

"'अभ्यास' लिहिलं की अर्ज शाळेकडे जातो. पंचायतीकडे जायला पंचायतीचं कारण लागतं."

मागं रांग खोळंबली होती. कोणीतरी खाकरलं. चौतीस वर्षं मी मुलांच्या कोऱ्या उत्तरांना भोपळे दिलेले. कोरा रकाना माझ्याच्यानं बघवेना. मी लिहिलं: 'भाची रेफ्नीता हिच्या स्वकुळातील विवाहास परवानगी मिळण्याबाबत.' अक्षर सुंदर आलं. यूलिस्मानं शिक्का मारला, एक प्रत फाइलला लावली आणि दुसरी प्रत उठून बाहेरच्या फलकावर टाचली.

"हे काय?"

"सात दिवस हरकतींसाठी लावायची असते, सर. नियम आहे."

मी ती काढायला हात पुढं केला तर म्हणाली, फलकावरचा कागद फाडणं गुन्हा आहे. मी तिथंच उभा राहिलो. छातीची ढाल करून निदान रेफ्नीताचं नाव तरी झाकावं असा विचार होता. पण सात दिवस असं उभं राहता येत नाही, आणि मी उभा होतो म्हणूनच लोक वाचायला थांबू लागले.

त्याच संध्याकाळी रोस्मानीदार आली. ती आत आली नाही. पायरीवर उभी राहिली, हातात रिकामी पिशवी.

"दादा, माझी मुलगी लग्न करतेय हे मला मासेवालीनं सांगितलं. आधी अभिनंदन केलं, मग म्हणाली, अरेरे."

"रोस, मी वाट काढतोय..."

"वाट? सगळ्या बाजाराला माहीत होतं. मी एकटी तिथं वांग्यांचा भाव विचारत होते." तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "तू मोठा भाऊ आहेस, मी काय बोलणार? पण पुढच्या वेळी काही मदत करावीशी वाटली ना, तर करू नकोस."

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी गेलो की कॉफी पुढं ठेवी आणि चुलीकडे तोंड करून उभी राही. रेफ्नीता मात्र चिडली नाही. "जाऊ दे मामा, कधी तरी सांगायचंच होतं," म्हणाली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माघार शक्य नव्हती. त्यात यूलिस्मानं सांगितलं की निबंधातला शब्द परदेशी असल्यानं अर्थाचा दाखला लागेल. मी प्रांताच्या राजधानीला, पादांगला गेलो. तिथं एका कार्यालयात एका तरुण साहेबांनी माझी दोन पानं वाचली, छान आहे म्हणाले, आणि शब्द अरबी असल्यामुळे धर्माच्या कार्यालयात जायला सांगितलं. धर्माच्या कार्यालयात एका दाढीवाल्या सज्जनांनी मला खजूर दिला आणि सांगितलं की शब्द आमचा असला तरी विषय तुमचा आहे, हा तुमच्या गावच्या पंचायतीचा अधिकार. म्हणून दाखला पंचायतीनं द्यायचा, आणि पंचायतीपुढं जायला दाखला हवा. सहा आठवडे मी पादांगच्या गाडीत बसून घाट चढलो-उतरलो. शेवटी यूलिस्मालाच माझी दया आली. तिनं रकान्यात 'दाखला मार्गस्थ' असं लिहिलं आणि संगणक पुढं गेला.

सभेची तारीख मिळाली. पंचायतीत बारा दातुक, म्हणजे बारा घराण्यांचे प्रमुख. रीत अशी की ज्याचं काम असेल त्यानं पानाचं तबक घेऊन प्रत्येकाच्या घरी जायचं, विडा पुढं करायचा, त्यानं विडा तोंडात टाकला की मग बोलायचं. मला वाटलं, दोन पानांचा निबंध आहे, छापील प्रत पाठवली तर आधी वाचून येतील, चर्चा उंचीवर होईल. मी बारा प्रती काढल्या, वर बाराही दातुकांची नावं टाकली आणि टपालानं पाठवल्या. नावं कुठल्या क्रमानं? शिक्षकाला माहीत असलेल्या एकमेव क्रमानं, हजेरीपटाच्या, म्हणजे अक्षरांच्या.

बारा दातुकांत मान कोणाचा आधी हा प्रश्न आमच्या गावात दीडदोनशे वर्षं चालू आहे, आणि तो जेमतेम मिटलेला आहे. माझ्या यादीत सर्वांत वर आले दातुक बागिंदो. हे पद त्यांचं की त्यांच्या मावसभावाचं यावर अकरा वर्षं तंटा सुरू आहे. आणि पंचायतीचे प्रमुख, आमच्या कुळाचे मुख्य, दातुक राजो मलानो, ज्यांच्यापुढं बाकीचे अकरा जण पाय दुमडून बसतात, ते हजेरीपटाच्या न्यायानं आले आठवे.

सभेचा पहिला तास यातच गेला. निबंधाचं नावही निघालं नाही. प्रत्येक दातुक उठून जुन्या चालीची गोल गोल वाक्यं बोले, ज्यात माझं नाव नसे पण मीच असे. दातुक बागिंदो तेवढे खुशीत होते, आणि त्यामुळे माझी परिस्थिती आणखी बिघडत होती. अखेर ठरलं की या यादीबद्दल मी एक बकरा द्यावा आणि मग वाचावं.

मी वाचलं. आवाज पहिल्या परिच्छेदात कापला, मग लागला. अरबस्तानातून शब्द गलबतात बसून निघाला, किनाऱ्याला लागला, घाट चढून आमच्या भातखाचरांत आला, तिथपर्यंत येता येता सभा शांत झाली. समुद्राचं वाक्य मी सावकाश म्हटलं. मान वर केली तर दातुक राजो मलानो सारोंगच्या टोकानं डोळे पुसत होते. मला वाटलं, जिंकलो. रेफ्नीताचं लग्न आता अंगणात लागणार, मांडवाची जागाही मी मनात ठरवून टाकली.

"मास्तर," दातुक म्हणाले, "ऐंशी वर्षं जगलो, पण हा शब्द मला आज कळला. परत येतं ते अदात! आमच्या आजोबांच्या वेळी होतं ते आमच्या वेळी परत आलं, नातवंडांच्या वेळी परत येणार. मग आपण कोण त्याची वाट अडवणारे?"

"दातुक, मला म्हणायचं होतं..."

"आणि बघा हो सगळे, केवढ्या लांबून आलेला पाहुणा! इतक्या पिढ्या आपण त्याला दुखावलं नाही. आता घरच्या एका पोरीसाठी दुखवायचं? मास्तरांनी ऐन वेळी डोळे उघडले. स्वतःची भाची असून खरं ते सांगितलं. असा मामा होणं नाही."

बाराही जणांनी एकमतानं माना डोलावल्या. गेल्या अकरा वर्षांतलं ते पहिलं एकमत होतं, आणि ते माझ्या निबंधावर झालं. दोन पानं फळ्यावर रंगवून सभागृहात लावायची असंही ठरलं. मी उठून ओरडायला हवं होतं. उलट अर्थ निघतो, पहिलं पान पुन्हा वाचा, म्हणायला हवं होतं. मी फळ्याचं ऐकून क्षणभर सुखावलो आणि तेवढ्यात निकाल लिहून झाला. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

लग्न केलं तर कुळाबाहेर, हा निकाल मुलीला सांगायचा तो मामानं. तिच्या आईच्या घरी जाऊन, तीनदा.

"तुम्हीच योग्य," दातुक माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले. "तुमच्यापाशी शब्द आहेत."

मी गेलो तेव्हा रेफ्नीता युनिफॉर्मला इस्त्री करत होती. रोस्मानीदार चुलीकडे तोंड करून उभी होती.

"बसा आधी, मामा. पाणी घेता?"

"उभ्यानंच सांगायचं असतं."

"किती वेळा?"

"तीन."

"थांबा मग, इस्त्री बंद करते. नाही तर कापड जळायचं."

मी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना मधेच थांबलो.

"ऐकलं मी. तिसऱ्यांदा राहू द्या."

"नियम आहे गं."

"मग म्हणून टाका," ती म्हणाली, आणि मान खाली घालून उभी राहिली, लहानपणी पाढे ऐकताना राहायची तशी. मी म्हटलं. स्वतःच्या तोंडाची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

रोस्मानीदार वळली. "मीपण जाणार हिच्याबरोबर."

"नाही आई," रेफ्नीता म्हणाली. "तू बाहेर पडलीस तर तूही गेलीस. मग या घरात कोण राहणार? तू इथंच थांब. मी लांबून का होईना, माझी आई घरी आहे असं म्हणेन."

चार आठवड्यांनी लग्न लागलं, पासामानला. बाप जकार्ताहून थेट तिकडं गेला. बाप दुसऱ्या कुळाचा, त्याला मोकळीक. आम्ही जांबाक, आम्हाला नाही. त्या दिवशी सकाळी मी काळी टोपी घालून आरशासमोर उभा राहिलो आणि मग ती काढली. एर्नाविलिस नवा सारोंग नेसून बाहेर आली.

"मी निघाले. मी काही जांबाक नाही. कोण मला अडवतंय बघू."

"सांग तिला..."

"काय सांगू?"

"नीट जा," म्हणालो.

ती गेल्यावर मी बहिणीकडे गेलो. ती पायरीवर बसली होती. मी एक पायरी सोडून खाली बसलो. ती बोलली नाही, पण उठून आतही गेली नाही. समोरच्या रस्त्यानं एकदा दातुक बागिंदो गेले आणि मला वाकून नमस्कार केला. बाकीच्यांचा यादीवरचा राग बकऱ्यानं गेलेला नाही; अख्ख्या गावात आता तेवढेच करतात.

दिवस कलताना एर्नाविलिस आली, ती सरळ तिथंच. हातात केळीच्या पानाचं पुडकं.

"कसं झालं?" रोस्मानीदारनं विचारलं.

"चांगलं झालं. मुलगा चांगला आहे, सारखं सगळ्यांना वाढत होता. पोरीला डोक्यावरचा नवरीचा मुकुट जड होत होता, मान दुखत होती तिची."

"आणि मामाच्या जागेवर?" मी विचारलं. मेजवानीत वधूच्या मामाची जागा भिंतीकडे, मधोमध असते. "तिथं कोण बसलं?"

"कोणी नाही. ताट वाढलं होतं, पाण्याचा पेला भरला होता. एक पाहुणा चुकून बसायला गेला तर रेफ्नीतानंच त्याला उठवलं."

एर्नाविलिसनं पुडकं पायरीवर ठेवून सोडलं. त्यात रेंदांग होतं, नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, काळसर, तेल सुटलेलं. ते अन्न आम्हा दोघांना चालत नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं.

"तुमचं काही चुकलं नाही हं," ती घाईघाईनं म्हणाली. "जेवण काही खास नव्हतं. हे बघा ना, केवढं खारट केलंय. म्हणूनच उरलं."

रोस्मानीदारनं एक तुकडा उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"खरंच की," ती म्हणाली. "खारटच झालंय, दादा. बघ."

मी खाल्लं. "फारच खारट," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून ते सगळं संपवलं आणि पानही चाटूनपुसून साफ केलं. मीठ अगदी बेताचं होतं.